फाटके छत, शाबूत सांगाडा: शर्यतीसाठी जुनी स्पोर्ट्स कार निवडताना

जुनी, परवडणारी स्पोर्ट्स कार घ्यायची, ती स्वतः दुरुस्त करायची आणि मग हौशी शर्यतींत उतरवायची, असे मी ठरवले तेव्हा एकाच गाडीकडून माझ्या दोन मागण्या होत्या आणि त्या दोन्ही एका दिशेने जाणाऱ्या नव्हत्या. रिस्टोरेशन करणाऱ्याला मूळ रंग, मूळ सीट, मूळ डॅशबोर्ड आणि पहिल्या मालकापासूनची कागदपत्रे हवी असतात. शर्यतीची गाडी तयार करणारा मात्र कामाला लागताच गालिचे, सीट आणि दरवाजांची आतली पॅनेल काढून टाकतो आणि त्या जागी पोलादी नळ्यांचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा बसवतो. त्यामुळे ज्या दोषांनी बाजारात गाडीची किंमत उतरते ते दोष आणि शर्यतीच्या दृष्टीने खरोखर महागात पडणारे दोष यांच्या याद्या अगदी वेगळ्या असतात. फाटलेले कापडी छत, तडकलेला डॅशबोर्ड, बंद पडलेला एसी, उन्हाने उडालेला रंग यांमुळे ग्राहक पाठ फिरवतो, पण या वस्तू शर्यतीच्या गाडीत एक तर राहणारच नसतात किंवा त्यांचे काही बिघडलेले चालते. उलट दरवाजाखालच्या पेटीसारख्या भागातला, म्हणजे सिलमधला गंज किंवा जुन्या अपघातात किंचित वाकलेली पुढची रेल, म्हणजे सांगाड्याची लांब तुळई, ताज्या रंगाखाली सहज लपते आणि पूर्ण किमतीला विकली जाते. ही तफावत ओळखून तिचा फायदा घेणे हेच निवडीतले मुख्य काम आहे, असे माझे मत शोधाच्या सुरुवातीलाच बनले आणि पुढच्या अनुभवाने ते अधिक पक्के झाले.

गाड्यांच्या जाहिराती पाहण्याआधी मी नियमपुस्तिका वाचल्या. हे काम कंटाळवाणे वाटते, पण कोणती गाडी घ्यायची याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. हौशी शर्यतींचे गट ढोबळ मानाने तीन प्रकारचे असतात. पहिल्यात सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या असतात आणि इंजिनाला जवळजवळ हात लावता येत नाही. माझदा एमएक्स-५ साठीचा स्पेक मियाटा किंवा बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३ सीरिजसाठीचा स्पेक ई३० हे त्याचे प्रसिद्ध नमुने. दुसऱ्यात वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तरावरून वर्ग ठरतो. तिसरा गट ऐतिहासिक गाड्यांचा. तिथे मोटर शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएचे अपेंडिक्स के हे नियम लागू असतात, गाडीला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो आणि ती ज्या काळातली आहे त्या काळी शर्यतीत ती जशी धावत होती तशीच ठेवावी लागते. हे वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आधीच्या मालकाने टर्बो, मोठे कॅमशाफ्ट किंवा रुंद चाके बसवलेली गाडी कागदावर आकर्षक दिसते, पण तिच्यामुळे आपण नकळत वरच्या वर्गात ढकलले जातो आणि तिथे दुप्पट खर्च करणाऱ्यांशी गाठ पडते. म्हणून मी शक्य तितकी मूळ यांत्रिक स्थितीतली, पण आतून-बाहेरून दिसायला वाईट अशी गाडी शोधायची, असे ठरवले.

सुरक्षेचे नियमही निवडीवर परिणाम करतात. एफआयएच्या अपेंडिक्स जे मधल्या कलम २५३ नुसार रोल केजच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी व्यासाची आणि २ मिमी जाडीची, जोडरहित कोल्ड-ड्रॉन कार्बन स्टीलची नळी लागते. त्यामुळे ‘केज बसवलेली तयार गाडी’ अशी जाहिरात दिसली की नळीचा व्यास, जाडी आणि प्रमाणपत्र आधी विचारावे. सीटचीही तीच गोष्ट. ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षांची असते, आणि हार्नेसच्या, म्हणजे चालकाला सीटला बांधणाऱ्या पट्ट्यांवरही मुदतीचे वर्ष शिवलेले असते. तयार म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांतले सामान चालकाला वाचवण्यापेक्षा विक्रेत्याची किंमत वाढवण्याच्याच कामाचे उरलेले असते, आणि चालकाच्या जिवाच्या बाबतीत तडजोड करून पैसे वाचवणे मला कोणत्याही हिशेबात मान्य नाही.

मग गाड्यांची यादी केली. जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी आणि जवळपास त्याच काळातली ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्हींची यंत्रणा साधी, आणि सुटे भाग आजही मुबलक मिळतात. एमजीबीचे तर संपूर्ण नवे बॉडीशेलसुद्धा १९८८ पासून बनवले जात आहेत. स्पिटफायरला वेगळी चॅसी असल्याने बॉडी उचलून खालचे काम करता येते. तिची एक खोड मात्र प्रत्येक खरेदीदाराने तपासलीच पाहिजे. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहायचे. पुली पुढेमागे सरकताना डोळ्यांना दिसली तर क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत किंवा जागेवरून निघाले आहेत. या दोन्ही गाड्या मी शेवटी सोडल्या, कारण त्या खऱ्या अर्थाने ऐतिहासिक गटात शोभतात आणि तिथल्या कागदपत्रांचा व काळाला धरून असलेल्या भागांचा व्याप मला पहिल्याच गाडीसाठी नको होता.

पोर्श ९४४ वर माझा जीव बराच काळ अडकला होता. १९८२ मध्ये विक्रीला आलेल्या या गाडीत २.५ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, त्यामुळे पुढचे आणि मागचे वजन जवळजवळ समान राहते आणि वळणात ती गाडी अतिशय समतोल वागते. बॉडीला जस्ताचा लेप असल्याने गंजही तुलनेने कमी. पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी टॉर्क ट्यूब मधे आडवी येत असल्याने क्लच बदलायचा म्हणजे एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि ट्यूब असे सगळेच मागे सरकवावे लागते. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शिवाय लांब, वेगवान वळणांत तेल एका बाजूला सरकून दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कोरडे पडते, ही शर्यतीत या इंजिनाची जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली तक्रार आहे. गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग आणि मजुरी आजही पोर्शचीच असते.

बीएमडब्ल्यू ई३० चांगली, पण संग्राहकांनी तिच्या किमती वर नेल्या. पहिल्या पिढीची टोयोटा एमआर२ मला मनापासून आवडली, तिचे १.६ लिटरचे ४ए-जीई इंजिन उत्साही आणि टिकाऊ आहे. मात्र इंजिन चालकाच्या पाठीमागे असल्याने वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचा मागचा भाग झटकन बाहेर निघतो, आणि नवशिक्या चालकाचा पाय नेमका तेव्हाच उचलला जातो. माझदा आरएक्स-७ चे रोटरी इंजिन ऐकायला अप्रतिम, पण त्याचे कॉम्प्रेशन साध्या गेजने तपासता येत नाही, कारण एका रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे वेगवेगळे दिसावे लागतात. विक्रेत्याने साध्या गेजचा एकच आकडा दाखवला तर त्यातून एपेक्स सीलची, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची खरी अवस्था कळत नाही.

उरली एमएक्स-५. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि दोन आसनी उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी ठरली. २०१६ मध्ये तिचे दहा लाखावे वाहन तयार झाले. या आकड्याचे महत्त्व मला कौतुकापेक्षा सुट्या भागांसाठी वाटले. दहा लाख गाड्या बनल्या म्हणजे भंगारात निघालेल्याही पुष्कळ, आणि म्हणून दरवाजा, हब, गिअरबॉक्स, संपूर्ण इंजिन सगळे वापरलेले मिळते. पहिल्या पिढीतल्या १.६ लिटरच्या गाडीचे वजन साधारण ९५० किलो आहे. शर्यतीत खर्च ठरवणारा आकडा ताकदीपेक्षा हाच. ब्रेक लावताना गाडीची सगळी गतिज ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. ती वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. १,२५० किलोची गाडी त्याच वेगावरून थांबवताना ९५० किलोच्या गाडीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते. पॅड, डिस्क, टायर, हबचे बेअरिंग सगळे त्या प्रमाणात लवकर संपते. जोरदार गाडी एकदाच विकत घ्यावी लागते. तिचे टायर मात्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात.

मॉडेल ठरले तरी प्रत्यक्ष गाडी निवडायची राहिली होती, आणि खरी परीक्षा तिथेच होती. शर्यतीच्या गाड्या तयार करण्यात आयुष्य घालवलेले एक मेकॅनिक पाहणीसाठी माझ्याबरोबर येत. निघण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट सांगितली: “ताई, बोनेट शेवटी उघडायचं. इंजिन एका दिवसात उतरतं. सांगाडा बदलायचा म्हणजे दुसरी गाडी घेणंच आलं.” त्यांच्या पिशवीत कापडात गुंडाळलेले कमी ताकदीचे चुंबक, रंगाची जाडी मोजायचे गेज, आरसा, टॉर्च, बारीक कॅमेऱ्याचा एंडोस्कोप आणि एक जुना पेचकस एवढेच असे. मी त्यात माझे हेल्मेट टाकले, त्याचे कारण पुढे येईल.

पहिली लक्षात राहिलेली गाडी लाल होती आणि फोटोत दिसत होती तशीच समोरही सुंदर होती. नवे छत, स्वच्छ सीट, आरशासारखा रंग. मेकॅनिक थेट मागच्या चाकापुढे गुडघ्यावर बसले. एमएक्स-५ मध्ये कापडी छतावरचे पाणी सीटच्या मागून नळ्यांतून खाली येते आणि मागच्या चाकाच्या अलीकडे, सिलच्या टोकापाशी बाहेर पडते. पाला आणि माती अडकून ही वाट बंद झाली की पाणी सिलच्या आत साचते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. गेज दरवाजावर लावले तेव्हा आकडा १३० मायक्रॉनच्या आसपास होता, म्हणजे कारखान्यातल्या रंगाला साजेसा. सिलवर मागे सरकत गेल्यावर तो ४०० झाला, आणि शेवटच्या वीतभर जागेत गेजची मर्यादाच ओलांडली गेली. चुंबक तिथे धरून सोडले तर ते घसरून खाली पडले. मग मेकॅनिकनी माझा हात धरून सिलच्या खालच्या शिवणीवर फिरवला. पुढच्या भागात कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे छोटे, गोल खळगे समान अंतरावर बोटांना लागत होते. मागे जाता जाता ते नाहीसे झाले आणि त्या जागी गुळगुळीत, सलग पृष्ठभाग आला. तिथे पत्रा कापला गेला होता किंवा पुट्टीने बुजवला गेला होता. छत नसलेल्या गाडीत वाकण्या-पिळण्याचा बहुतेक ताण सिल आणि दोन सीटमधला फरशीचा उंचवटा, म्हणजे मधला बोगदाच पेलतात, त्यामुळे हा दोष सजावटीचा नव्हता. विक्रेता सभ्य माणूस होता आणि त्यालाही हे ठाऊक नसावे. आम्ही त्याला जे आढळले ते दाखवले आणि निघालो.

आम्ही घेतलेली गाडी दिसायला अगदी उलट होती. निळा रंग बोनेटवर पांढुरका पडलेला, छताची मागची प्लास्टिकची काच फाटलेली, चालकाच्या सीटचे फोम बाहेर आलेले आणि एसीचा पंपच गायब. जाहिरातीत एकच अंधुक फोटो होता. सिलवर मात्र गेज टोकापर्यंत १२० ते १६० च्या दरम्यान राहिले, आणि खळगे शेवटपर्यंत मोजता येत होते. मेकॅनिकनी पाण्याची बाटली मागवून छतामागच्या पन्हळीत हळूहळू पाणी ओतले. उजवीकडून ते लगेच खाली पडले. डावीकडे काही क्षण काहीच झाले नाही, मग काळपट पाण्याची बारीक धार सुरू झाली. त्या बाजूच्या छिद्रातून एंडोस्कोप आत घातला तेव्हा पडद्यावर पत्र्यावरचा तांबूस थर दिसला, पण पापुद्रे किंवा भोके नव्हती. पुढच्या रेलवर घड्या पडलेल्या नव्हत्या, दोन्ही बाजूंचे सांधे सारखे होते, आणि ओळंबा सोडून जमिनीवर घेतलेली सस्पेन्शनच्या बिंदूंची कर्णरेषांची मापे दोन्हीकडे काही मिलिमीटरच्या आत जुळली. हे शेवटचे माप विक्रेत्याच्या दारात घेणे जिकिरीचे आहे, तरीही ते सोडू नये. वाकलेल्या गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, पुढे कितीही पैसे घातले तरी मनासारखे बसत नाही.

मग बोनेट उघडले. १.६ लिटरच्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक कमजोर असते. पुलीचा बोल्ट नीट आवळलेला नसेल तर पुलीला जागेवर धरणाऱ्या धातूच्या चावीची (की) खाच झिजते, टायमिंग सरकते आणि शेवटी क्रँकशाफ्टच बदलावा लागतो. १९९१ च्या मध्याला माझदाने हे टोक मोठे केले. बाहेरून ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पुलीतल्या खाचा: जुन्या प्रकारात चार, नव्यात आठ. या गाडीत आठ होत्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती, पण या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे ती काळजी मोठी नव्हती.

लीक-डाउन चाचणी हा माझ्या मते जुन्या इंजिनाशी थेट बोलण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. कॉम्प्रेशन गेज दाब किती बनतो एवढेच सांगते. लीक-डाउनमध्ये तो दाब कुठून निसटतो तेही कळते. सिलिंडरमधला पिस्टन वरच्या बिंदूवर आणून स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान देऊन ऐकायचे. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. पहिल्या तीन सिलिंडरांची गळती ८ ते १० टक्क्यांत होती. चौथ्यात ती २० टक्क्यांवर गेली, आणि तेलाच्या तोंडावर तळहात धरला तर हवेचा झोत स्पष्ट जाणवत होता. हे इंजिन म्हातारे झाले होते, पण मेलेले नव्हते. सामान्य ग्राहकाने या एका आकड्यावर गाडी नाकारली असती. आम्ही तो आकडा विक्रेत्यापुढे ठेवला आणि किंमत त्याप्रमाणे खाली आली.

आता हेल्मेटची गोष्ट. एमएक्स-५ लहान गाडी आहे. रोल केजच्या मुख्य कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ दांडी ठेवली तर चालकाचे हेल्मेट तिच्या पुरेसे खाली राहिले पाहिजे, अशी अट उघड्या गाड्यांच्या नियमांत बहुतेक ठिकाणी असते. मी हेल्मेट घालून, सीट शेवटपर्यंत मागे घेऊन बसले आणि मेकॅनिकनी डोक्यावर लाकडी पट्टी धरून पाहिले. मूळ सीटवर अंतर कमी पडत होते, पण शर्यतीची सीट रूळ काढून थेट फरशीवर बसवली तर जागा मिळणार होती. उंच माणसाला एवढे करूनही जागा न मिळण्याचा संभव असतो. पैसे देण्याआधी पाच मिनिटांत हे कळते, म्हणून हेल्मेटशिवाय गाडी पाहायला जाऊ नये.

गाडी घरी आल्यावर मी आधी काहीही न जोडता सगळे काढले. फरशीवरचा डांबरी, आवाज रोखणारा थर खरवडून निघता निघत नाही. त्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरून ठेवले की तो ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पापुद्रे होऊन सुटतो. त्या कामात हातमोजे आणि मोकळी हवा अत्यावश्यक. उघड्या पत्र्यावर डाव्या सिलच्या टोकाला हाताच्या पंजाएवढा भाग पातळ झालेला दिसला. तो कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवी नळी तात्पुरती वेल्ड केली, कारण सिल कापताना उघड्या गाडीची बॉडी मधे खचू शकते आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. नव्या पत्र्याला वेल्डचे ठिपके एकाच ओळीत न देता आलटून-पालटून दिले, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. शेवटी आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण फवारले आणि पाण्याच्या दोन्ही वाटा मोकळ्या केल्या.

सस्पेन्शनने सर्वांत जास्त वेळ घेतला. चाकांना धरणाऱ्या खालच्या हातांचे (आर्म) अलाइनमेंट ज्या लांब कॅम बोल्टने होते ते बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या धातूच्या नळीत गंजून एकजीव झाले होते. उष्णता, तेल, ठोके सगळे करून शेवटी ते करवतीने कापावे लागले. नवे बोल्ट बसवताना त्यांना तांब्याचे ग्रीस लावले. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. रोल केजचे काम मी अनुभवी वेल्डरकडे दिले. रंग मात्र मीच, रोलरने, साधा एका थराचा दिला, आणि त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

इंजिनाला हात न लावता फक्त बेल्ट, वॉटर पंप, होज, सील आणि तेल बदलून गाडी आधी शर्यतीबाहेरच्या सरावाला नेली. ते जाणूनबुजून ठरवलेले होते. आधी ब्रेक, शीतकरण आणि चालकाचा हात तयार व्हावा आणि म्हाताऱ्या इंजिनाची कमी ताकद त्या शिक्षणाला उपयोगी पडावी, असा विचार होता. ब्रेक फ्लुइडचा धडा लगेच मिळतो. डॉट ४ या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतले पाणी शोषून घेते आणि ओले झाल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले की पेडलने बाष्पाचे बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही. म्हणून प्रत्येक शर्यतीच्या आधी फ्लुइड काढून नवे भरणे हा मी स्वतःसाठी न मोडायचा नियम केला. पुढच्या हबच्या बेअरिंगवर चिकट टायरचा ताण किती पडतो तेही समजले. चाक वर-खाली धरून हलवून त्यातली ढिलाई पाहणे आता प्रत्येक फेरीनंतरच्या तपासणीत आहे, आणि जास्तीचे हब ट्रेलरमध्ये कायम असतात.

पहिल्या हंगामाच्या शेवटी चौथ्या सिलिंडरने तेल जाळायला सुरुवात केली आणि सरळ रस्त्यावर मागे निळसर धूर दिसू लागला. अपघातात मागून चेपलेल्या दुसऱ्या एमएक्स-५ चे इंजिन आम्ही मिळवले. बसवण्यापूर्वी त्याचीही लीक-डाउन चाचणी केली आणि पुलीच्या खाचा पाहिल्या. शनिवारी जुने उतरले, रविवारी नवे सुरू झाले. इंजिन बदलताना सस्पेन्शनला हात लावलाच नव्हता आणि सांगाडा सरळ होता, त्यामुळे अलाइनमेंटचे आकडे जसे होते तसेच राहिले. वर्गाच्या नियमांत १.८ लिटरच्या गाडीचे मोठे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) बसवायला परवानगी आहे, आणि १.६ चे लहान डिफरन्शियल चिकट टायरवर फार काळ टिकत नाही हे माहीत असल्याने पुढच्या हंगामाआधी तेच काम हाती घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात, म्हणून तिन्ही भाग एकाच गाडीतून निघालेले मिळेपर्यंत मी थांबणार आहे.